भावे प्रयोग

नोव्हेंबरात वॉशिंग्टनच्या फुटपाथांवर
गिंकोची फळं फुटतात,
आंबलेल्या लोण्यासारखा वास बुटांना चिकटून
तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो.
फोन बाहेरच्या कप्प्यात, किल्ली गळ्यात,
मग आत. त्या खोलीला खिडकी नाही.
तिथे बावीस वर्षं
मी इतरांची युद्धं वाचते आहे.

हुद्दा लांबलचक. आईला सांगितलं होतं,
सरकारी कारकून समज, टिपणं जरा मोठी.
ती म्हणाली, मग पेन्शन असेल.
आहे.

आमचा नियम एकच: सुचवायचं नाही.
असावं, नसावं, करायला हवं, ही रूपं
या इमारतीत वर्ज्य, उपासाला कांदा तशी.
तळ्यात नाही, मळ्यात नाही,
काठावर उभं राहून तळ्याची खोली, मळ्याची लांबी मोजायची
आणि तळटीप द्यायची.

मंगळवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी
एका सिनेटरच्या ऑफिसातून फोन. ग्रिफिन नावाचा पोरगा,
आवाजावरून पंचविशीतला.
"मॅम, ते बॉम्बचे किट, उद्या नऊपर्यंत दोन पानं मिळतील?
सोप्या भाषेत."
कुठल्या देशाला, ते इथे लिहिणार नाही. सवय.
किट म्हणजे शेपूट: साध्या बॉम्बला जोडलं
की तो पत्ता शोधत जातो.
पत्ता कुणी लिहिला, हे दोन पानांत बसत नाही.

रात्री लिहिलं: त्या महिन्यात एका बाजारावर
असे तीन किट वापरले गेले असावेत,
असे उपलब्ध माहितीवरून दिसते.
वेंडेल प्रोकॉपने तपासलं. निवृत्त कर्नल,
गुडघ्यात धातू, पेन्सिल मात्र मऊ.
त्याने 'बाजार' खोडून 'परिसर' केलं,
माझ्याकडे पाहिलं,
पुन्हा 'बाजार' केलं.
खोडरबराचा तो भुगा मी
बराच वेळ झटकला नाही.

तेव्हा उकिडवे सर आठवले, वाईच्या शाळेतले.
फळ्यावर: शिपायाने चोराला पकडले.
कर्त्याला प्रत्यय लागला, कर्मालाही लागला,
आता क्रियापद कुणाचं ऐकणार?
कुणाचंच नाही, पोरांनो.
नपुंसकलिंगी, एकवचनी, आपलं आपण उभं.
शिपाई दहा असोत, चोर शंभर असोत,
पकडले ते पकडलेच.
आम्ही हसलो होतो. नपुंसक या शब्दाला.

इंग्रजीत ही सोय नाही. तिथे कर्ता लपवावा लागतो.
आमच्याकडे तो समोर उभा असतो
आणि क्रियापद त्याला ओळख देत नाही.
सैनिकांनी मुलांना मारले.
बघा: मारले. ना त्यांच्याशी जुळतं, ना यांच्याशी.
माझ्या नेमणूकपत्रात याहून वेगळं काही नव्हतं.

गुरुवारी सुनावणी. भुयारी वाटेने गेले,
मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले.
पान दोन, परिच्छेद तीन. माझं वाक्य
'तथापि'पाशी बरोबर दुभंगलं:
या बाजूच्याने पहिला अर्धा वाचला, ठामपणे.
त्या बाजूच्या बाईंनी दुसरा, त्याहून ठामपणे.
दोघंही म्हणाले, तटस्थ तज्ज्ञ असं सांगतात.
'तथापि' कुणीच वाचलं नाही.
टेबलाखाली पडलं असेल,
पाण्याच्या बाटल्यांच्या झाकणांत.

मग मतं पडली. किती, ते जाहीर आहे.

परतताना वेंडेल म्हणाला, छान उतरलं,
दोन्ही बाजूंनी वापरलं.
याहून मोठी शाबासकी आमच्यात नसते.
मी थँक्यू म्हटलं.

गाडीत बसून पार्किंगच्या पावतीमागे
मराठीत लिहून पाहिलं:
मी टिपण लिहिलं. क्रियापद टिपणाचं झालं.
मी यादी लिहिली. यादीचं झालं.
भूतकाळात ते माझ्याकडे फिरकतच नाही.
मी लिहिते.
इथे आलं. स्त्रीलिंगी, एकवचनी,
काचा बंद,
आणि बुटांना तोच वास.